महिनाअखेरीलाही चव टिकवणारा स्वयंपाक: सोलापूरकरांसाठी क्रमवार मार्गदर्शक

खर्च कमी करायचा म्हटलं की बहुतेक घरांत पहिली कात्री भाजीला लागते आणि दुसरी शेंगदाण्याला. मग आमटीचं पाणी होतं, पोरं ताटावर तोंड वाकडं करतात आणि संध्याकाळी कोणीतरी गाड्यावरून भजी बांधून आणतं. वाचवलेले पैसे तिथंच जातात. आपला क्रम उलटा असतो. आज काय करायचं ते आधी ठरवतो, मग त्यासाठी सामान आणतो, आणि चवीच्या गोष्टी ऐनवेळी शोधत बसतो. खरा क्रम असा: आधी धान्य, मग डाळी-कडधान्यं, मग चवीचे डबे भरून ठेवायचे. भाजी सगळ्यांत शेवटी, मंडईत त्या दिवशी जी स्वस्त दिसेल ती.

खालची सगळी मापं चार माणसांची आहेत: दोन मोठी, दोन शाळेत जाणारी मुलं.

टप्पा १: महिन्याचा हिशेब भांड्यावर लावा

किलोच्या भावावरून काही कळत नाही. एका जेवणाला काय पडतं ते काढा.

मध्यम भाकरीला ९० ते १०० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एका किलोत १० ते ११ भाकरी. ज्वारीचा भाव अधिक दळणाचे पैसे, भागिले दहा: ही तुमच्या एका भाकरीची किंमत. चार माणसांच्या आमटीला दीडशे ग्रॅम तूरडाळ पुरते. रोज एकदा आमटी केली तर महिन्याला साडेचार किलो डाळ. आठवड्यातून तीनदा उसळ केली, दर वेळी २०० ग्रॅम, तर अडीच किलोच्या आसपास कडधान्य. शेंगदाणे दोन ते अडीच किलो. तेल दोन लिटरच्या आसपास, आणि रोज काही तळत नसाल तर तेवढ्यात भागतं.

रेशनकार्ड असेल तर ते धान्य या हिशेबात सगळ्यांत आधी लिहा. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. पुष्कळ जण रेशनचा तांदूळ ‘भाताला नको’ म्हणून कोपऱ्यात ठेवून देतात. भाताला नको तर नको. तो धुऊन वाळवून दळा आणि उडीदडाळीबरोबर आंबोळीला वापरा.

ज्यांचा पगार हप्त्याला होतो, यंत्रमागावर किंवा विडीच्या कामावर, त्यांची अडचण वेगळी असते. महिन्याचं सामान एकदम भरता येत नाही, म्हणून सगळंच पाव-पाव किलो आणलं जातं आणि ते महाग पडतं. त्यांनी एका हप्त्याला फक्त डाळी, पुढच्या हप्त्याला तेल आणि शेंगदाणे, तिसऱ्याला तिखट-मसाला अशी पाळी लावावी. दर हप्त्याला एकच वस्तू मोठ्या मापात घ्यायची, बाकीची गरजेपुरती.

तपासून पाहा: कागदावर ज्वारी, डाळ, शेंगदाणे, तेल आणि गॅस यांची बेरीज होण्याआधी भाजीचा आकडा लिहिलात का? लिहिला असेल तर खोडा. भाजीला उरलेले पैसे मिळतात.

टप्पा २: खरेदी

ज्वारी रब्बीची नवी आली की, फेब्रुवारी-मार्चनंतर, जमेल तेवढी एकदम घ्यावी. मंगळवेढ्याकडची मालदांडी भाकरीला उत्तम, भावही तसाच. घेतल्यावर दोन कडक उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोरड्या डब्यात कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याबरोबर भरा. गरम ज्वारी डब्यात बंद केली की आत ओल धरते आणि पावसाळ्यात पोरकिडा निघतो. दळण मात्र आठ-दहा दिवसांपुरतंच. पीठ जुनं झालं की चिकटपणा जातो, भाकरी थापताना फाटते आणि आपण ज्वारीला नावं ठेवतो.

कांद्याच्या बाबतीत सोलापुरात दरवर्षी तीच फसगत होते. डिसेंबर-जानेवारीत सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, भाव पडतो, आणि लोक हौसेनं अख्खी पिशवी घरी आणतात. तो खरिपाचा लाल कांदा. तो टिकत नाही. महिन्याभरात मऊ पडतो, कोंब फुटतात. साठवायचा तर मार्च-एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळी कांदा घ्या: साल सुकलेली, मान बारीक आणि मिटलेली. तो हवेशीर जागी पसरून ठेवला की चार महिने सहज जातो. स्वस्त लाल कांदा आठवड्यापुरताच आणा.

तेलाच्या पिशवीवरचं निव्वळ वजन वाचा. सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. तशाच दिसणाऱ्या काही पिशव्यांत ८०० किंवा ८५० ग्रॅमच असतं आणि भाव दहा-पंधरा रुपयांनी कमी दिसतो. ती स्वस्ताई फसवी असते.

शेंगदाणे घेताना मूठभर हातात घेऊन एक दाणा चावून बघा. खवट लागला तर ते पोतंच सोडा.

इशारा: सुरकुतलेले, काळे पडलेले, हिरवट बुरशी धरलेले दाणे निवडून फेकून द्या. त्या बुरशीचं विष भाजल्यानं जात नाही. ‘भाजून घेतलं की चालतं’ हे चुकीचं आहे.

टप्पा ३: चवीचे डबे

सगळं या टप्प्यावर अवलंबून आहे, म्हणून याला वेळ द्या. सुट्टीच्या दिवशी दीड तास लागतो. पुढचे सहा दिवस त्यावर निघतात.

*शेंगदाण्याचं कूट.* अर्धा किलो दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं भाजा, हात थांबवू नका. आच मोठी केली की साल करपते आणि आतला दाणा कच्चा राहतो. साल चुरगाळल्यावर सुटली आणि दाणा आतून फिकट बदामी झाला म्हणजे झालं. पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरला लावू नका. गरम दाण्याला तेल सुटतं आणि कुटाचा गोळा होतो. मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा, भरड ठेवा. उन्हाळ्यात कूट आठ-दहा दिवसांत खवट होऊ लागतं, तेव्हा त्याहून जास्त करू नका.

*शेंगाचटणी.* इथं मात्र तेल सुटायलाच हवं. पाव किलो भाजलेले दाणे, लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या, एक चमचा जिरं, दोन मोठे चमचे लाल तिखट, मीठ. खलबत्त्यात थोडं-थोडं कुटायचं. पहिल्यांदा भुसा होतो, मग कडेला चिकटायला लागतो. मग बत्त्याखाली एक ओलसर आवाज येतो आणि चटणी गोळा होऊन उचलली जाते. तिथं थांबा. खलबत्ता नसेल तर मिक्सरच्या लहान भांड्यात झटके देत करा, पण लसूण सगळा एकदम घालू नका, चटणी ओली पडते. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेलच असतं, त्यामुळे चटणीवर वरून तेल ओतायची गरज नाही. भाकरी, चटणी आणि वाटीभर दही एवढ्यावर एक वेळ भागते.

*वाटण.* खोबरं महाग झालंय म्हणून वाटणच बंद करणारी घरं मला माहीत आहेत. तसं करू नका. चार कांदे उभे चिरून थोड्या तेलावर तांबूस होईपर्यंत परता, मूठभर खोबऱ्याचा कीस वेगळा भाजा, दोन चमचे तीळ आणि दोन चमचे फुटाण्याची डाळ घाला, आलं-लसूण घालून बारीक वाटा. खोबरं निम्मं केलं तरी तीळ आणि डाळ दाटपणा सांभाळतात. फ्रिजमध्ये पाच दिवस टिकतं. फ्रिज नसेल तर दोन दिवसांपुरतंच करा.

*काळं तिखट.* घरी उन्हाळ्यात केलेलं असेल तर प्रश्नच नाही. विकत घ्यायचं असेल तर वर्षाचं एकदम घेऊ नका. जुनं तिखट फोडणीत रंग देतं, वास देत नाही.

तपासून पाहा: चारही डब्यांत कोरडा चमचा आहे ना? ओल्या चमच्यानं चटणी दोन दिवसांत बिघडते.

टप्पा ४: आठवडा डाळीवरून आखा

रोजची भाजी ठरवू नका, रोजची डाळ ठरवा. एक दिवस तूर, एक दिवस मटकी, एक दिवस डाळकांदा, एक दिवस हुलगे (कुळीथ), एक दिवस पिठलं, एक दिवस पातळभाजी. रविवारी अंड्याचा रस्सा, किंवा जमलं तर अर्धा किलो चिकन आणि भरपूर पातळ रस्सा. रस्सा ताणायला वरचं वाटण आहेच.

मटकी भिजवायची विसरणं ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून आदल्या रात्री भांडी घासायच्या आधी उद्याचं कडधान्य भिजत घाला, हा नियमच करा. आठ तास भिजल्यावर फडक्यात बांधा. एप्रिल-मेच्या उकाड्यात मोड आठ-दहा तासांत येतात, थंडीत पूर्ण दिवस घेतात. वाटीभर मटकीचे अडीच-तीन वाट्या मोड होतात, तेव्हा भिजवताना हात आवरा.

इशारा: मोड चिकट लागले किंवा आंबूस वास आला तर फेकून द्या. धुऊन, फोडणीत मसाला वाढवून तो वास झाकू नका.

टप्पा ५: शेगडीवरचा क्रम

१४.२ किलोचं सिलिंडर किती दिवस जातं हे बरंचसं या क्रमावर ठरतं.

पहिल्यांदा कुकर: खाली डाळ, वर भात, एकाच शिट्ट्यांत दोन्ही. डाळ अर्धा तास आधी भिजलेली हवी. कुकर चढला की दुसऱ्या शेगडीवर भाकरीचं आधण. कुकर उतरला की त्याच शेगडीवर लोखंडी तवा, आणि आधणाच्या जागी आमटीची फोडणी. भाकऱ्या होत असताना आमटी बाजूला उकळते. भाजी असेल तर ती भाकरीच्या तव्याआधी उरका. कांदा चिरायचा राहिलाय आणि कढई तापतेय, असं होऊ देऊ नका. भांड्याच्या बुडाबाहेर जाणारी ज्योत फुकट जाते.

टप्पा ६: आमटी

डाळ शिजत नाही ही तक्रार सोलापुरात फार ऐकू येते आणि दोष दुकानदाराला दिला जातो. बऱ्याचदा दोष बोअरच्या पाण्याचा असतो. जड, क्षाराच्या पाण्यात डाळ मऊ होत नाही. डाळ आणि कडधान्यासाठी नळाचं पाणी वेगळं भरून ठेवा. पाणी काही दिवसांआड येतं तिथं एक कळशी यासाठीच राखून ठेवली तरी गॅस वाचतो. चिंच आणि मीठ डाळ शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की डाळ तशीच कडक राहते.

१. दीडशे ग्रॅम डाळ, तिप्पट पाणी, हळद, दोन थेंब तेल. शिजल्यावर गरम असतानाच रवीनं घोटा.

२. दीड मोठा चमचा तेल तापवा. मोहरी तडतडली पाहिजे, नुसती फुगून चालत नाही. मग जिरं, कढीपत्ता, ठेचलेला लसूण. लसणाची कड तांबूस होईपर्यंत थांबा.

३. आच अगदी बारीक करा, एक चमचा काळं तिखट घाला आणि लगेच दोन चमचे पाणी. तिखट करपू न देता तेलात फुलवायचं ते एवढ्यासाठी. करपलं तर कडू आमटी सुधारायचा उपाय नाही, फोडणी पुन्हा करा.

४. एक चमचा वाटण, मिनिटभर परतून घोटलेली डाळ. पातळ करायचं पाणी उकळतं घाला. गार पाणी घातलं की तवंग मोडतो आणि आमटी बेचव होते.

५. चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, मीठ, दोन चमचे कूट. सात-आठ मिनिटं खळखळून उकळू द्या.

तपासून पाहा: भाकरी कुस्करून त्यावर आमटी ओता. भाकरी भिजून वर थोडी आमटी दिसली पाहिजे. सगळी शोषली गेली तर घट्ट झाली.

टप्पा ७: भाकरी

एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. चार भाकरींचं एकदम मळून ठेवलं की शेवटची फाटणारच. आधणाचं पाणी पिठात घालून उलथन्यानं कालवा, हाताला सोसेल इतकं झालं की तळव्याच्या टाचेनं दोन मिनिटं रगडून मळा. गोळ्याला चिरा दिसत असतील तर पाण्याचा हात लावून आणखी मळा. परातीत पीठ पसरून थापा, कडा मधल्यापेक्षा जाड राहू देऊ नका.

तवा चांगला तापलेला हवा. भाकरी टाकताच पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच पाणी फिरवा. उशीर झाला की भाकरीला भेगा पडतात. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, तेव्हा उलटा. दुसरी बाजू भाजून झाली की थेट ज्योतीवर फुगवा. फुगली नाही तर बहुतेक वेळा थापताना मध्ये भोक पडलेलं असतं किंवा पाणी जास्त वाळलेलं असतं.

टप्पा ८: भाजी, तीही ताणलेली

लक्ष्मी मंडईत संध्याकाळी उशिरा गेलं की पालेभाजीची पेंडी निम्म्या भावात मिळते. पण ती रात्रीच निवडून, करायची तयारी असेल तरच घ्या. सकाळपर्यंत ती पिवळी पडते आणि निम्मी टाकावी लागते.

एका पेंडीत चार माणसं जेवतात ती पातळभाजीत. पालक, चाकवत किंवा चुका चिरून, मूठभर भिजवलेली हरभराडाळ आणि मूठभर शेंगदाण्यांबरोबर शिजवा. शिजवलेलं पाणी फेकून न देता घोटा, दोन चमचे बेसन ताकात कालवून लावा, लसूण-मिरचीची फोडणी द्या. बेसन लावल्यावर किमान पाच मिनिटं उकळा, नाही तर कच्चा वास राहतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत अंबाडी तूरडाळीत शिजवतात, तीही अशीच ताणणारी आणि वर चिंचेचा खर्च वाचवणारी.

टप्पा ९: भाजीच नाही त्या दिवशी, शेंगोळी

उन्हाळ्यात भाज्या महागतात किंवा महिन्याचे शेवटचे दोन दिवस कोरडे जातात, तेव्हा हुलग्याचं पीठ घरात असू द्या. याला वेगळी भाकरीही लागत नाही.

एक वाटी हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी गव्हाचं, अर्धी ज्वारीचं. लसूण, जिरं, हिरवी मिरची वाटून घाला, हळद, मीठ, आणि घट्ट मळा. सैल झालं तर शेंगोळी रश्श्यात विरघळतात. तळहाताला तेल लावून करंगळीच्या जाडीच्या वळ्या करा, टोकं जुळवून कडी करा. दुसरीकडे लसणाच्या फोडणीत काळं तिखट आणि पाच वाट्या पाणी उकळा. पाणी खळखळत असतानाच एकेक कडी सोडा.

इशारा: पहिली पाच मिनिटं पळी घालू नका. घातलीत की तुकडे झाले. मग भांडं धरून हलकेच हलवा, झाकण ठेवून पंधरा मिनिटं मध्यम आचेवर शिजवा.

एक कडी मोडून बघा. मध्ये फिकट कोरडा ठिपका दिसला तर आणखी पाच मिनिटं. रस्सा पातळ वाटला तर तेच पीठ चमचाभर पाण्यात कालवून लावा. कूट शेवटी. मुलांना तिखट चालत नसेल तर तिखट कमी घाला, लसूण कमी करू नका, हुलग्याचा उग्रपणा तोच झाकतो.

टप्पा १०: उरलेलं

उरलेली आमटी रात्री एकदा उकळून, झाकण किंचित तिरपं ठेवून गार करा. मे महिन्यात फ्रिजशिवाय सकाळपर्यंत ती टिकेलच असं नाही, म्हणून उन्हाळ्यात रात्रीचं माप कमीच धरा. भात तासाभरात गार करून फ्रिजमध्ये जायला हवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात पुन्हा तापवला तरी सुरक्षित होत नाही, त्याची फोडणी घालू नका.

शिळ्या भाकरीचं तसं नाही. कुस्करून, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतली, वर पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकली की नाश्ता होतो. पाणी आधी घालून मळू नका, लगदा होतो.

आणि उद्या भाकरी उरणारच हे आज दिसत असेल, तर शेवटच्या दोन-तीन भाकऱ्या पातळ थापा. नेहमीसारख्या भाजून झाल्या की गॅस बंद करा आणि त्या गरम तव्यावरच उलटसुलट करत कडक होऊ द्या. पूर्ण गार झाल्यावर, वाकवल्यावर वाकत नाहीत, थेट मोडतात याची खात्री करून कापडात गुंडाळा आणि डब्यात उभ्या ठेवा. जराही वाफ आत राहिली तर तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. नीट वाळलेली कडक भाकरी आठवडाभर राहते.